इलेक्ट्रिक गिटार आणि तीस हजार रुपये : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत घराच्या मागच्या खोलीत मी रविवारी ओळखीपाळखीच्यांच्या गिटारी सेट करून देतो. हा माझा धंदा नाही, नाद आहे. काम चालू असताना समोर बसून लोक जे विचारतात तेच प्रश्न इथे घेतले आहेत. किमती सारख्या हलतात, म्हणून आकडे अंदाजाचे समजा.

३० हजार जमवलेत. गिटारवर किती घालू आणि ॲम्पवर किती?

गिटारवर १७-१८ हजार, ॲम्पवर ८-९ हजार. उरलेल्यात एक चांगली केबल, पट्टा, तारांचे दोन जादा सेट आणि सेटअपची, म्हणजे गिटार नीट जुळवून घ्यायची, मजुरी. ट्यूनर फोनवर फुकट मिळतो.

बहुतेकजण २७ हजारांची गिटार घेतात आणि उरलेल्या पैशांत मिळेल तो डबा ॲम्प म्हणून घरी आणतात. मग महिन्याभरात फोन येतो, “गिटारचा आवाज फाटका येतोय, पिकअप बदलू का?” (पिकअप म्हणजे तारांखालचा, त्यांचा कंप पकडणारा चुंबकी भाग.) गिटार बिचारी बरी असते. फाटका असतो तो डब्यातला चार इंची स्पीकर.

मग नेमकी कोणती गिटार घेऊ?

या किमतीत स्क्वायरची सोनिक, यामाहाची पॅसिफिका ०१२, आयबानेझची जिओ आणि कॉर्टची खालची मॉडेलं, एवढ्यांतून निवडलंत तर फारसं चुकणार नाही. कॉर्टचं नाव निघालं की लोक नाक मुरडतात, पण त्यांचा इंडोनेशियातला कारखाना इतर नामांकित ब्रँडसाठीही गिटारी बनवतो. हेडस्टॉकवरच्या, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकावरच्या, नावाला भुलू नका.

काय वाजवायचं हे अजून ठरलं नसेल तर ब्रिजकडे (बॉडीवर तारा जिथे टेकतात तिथे) एक हंबकर (दुहेरी गुंडाळीचा पिकअप) आणि बाकी दोन सिंगल कॉइल (एकेरी गुंडाळीचे) अशी रचना बघा. पॅसिफिका ०१२ तशीच आहे. स्वच्छ आवाजही मिळतो, आणि डिस्टॉर्शन (मुद्दाम फाडलेला आवाज) चढवलं की गुणगुण फार होत नाही.

हात लहान असेल तर एक गोष्ट तपासा. फेंडरच्या स्ट्रॅटच्या घराण्यातल्या गिटारींची स्केल लांबी, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी, २५.५ इंच असते, गिब्सनच्या लेस पॉलच्या घराण्यात साधारण २४.७५. पाऊण इंच म्हणजे काय मोठं, असं वाटतं. पण त्याच तारा त्याच सुरात आखूड स्केलवर सैल लागतात आणि पहिल्या चार फ्रेटांवर (नेकवरच्या, म्हणजे दांड्यावरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या) बोटं कमी ताणावी लागतात. दुकानात दोन्ही हातात घेऊन बघा, लगेच कळेल.

फ्लॉइड रोझवाली मस्त दिसते. घेऊ?

नको. फ्लॉइड रोझ म्हणजे तारा घट्ट पकडून ठेवणारा आणि दांडीने झुलवता येणारा ब्रिज. १८ हजारांच्या गिटारवरचा तो परवान्यावर किंवा नकलेवर बनवलेला मऊ धातूचा असतो आणि ज्यांवर तो झुलतो त्या धारा वर्षा-दोन वर्षांत बोथट होतात. शिवाय एक तार बदलली की बाकी पाच बेसूर. नवशिक्याचा अर्धा रविवार त्यातच जातो.

ऑनलाइन मागवू की दुकानात जाऊ?

जमत असेल तर दुकानात जा. मुंबईला जाणं होत असेल तर धोबी तलावाजवळ फुर्टाडोज आहे, १८६५ पासूनचं दुकान. लहान गावांत तीन-चार मॉडेलांपलीकडे काही बघायला मिळत नाही हे मान्य. तिथे एकाच मॉडेलच्या दोन गिटारी काढायला सांगा. सारख्या किमतीच्या दोन नगांत चक्रावून जाण्याइतका फरक असतो.

दुकानदार गेन (आवाज फाडणारा नॉब) चढवून देईल, तो आधी शून्यावर आणा. साफ आवाजावर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकदा वाजवा. दहा मिनिटं लागतील, दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्या. नेकच्या कडेवरून अंगठा वरखाली फिरवा. फ्रेटांची टोकं करवतीसारखी लागली तर दुसरा नग मागा. सगळे नॉब फिरवून कुठे खरखर होते का बघा आणि जॅकमध्ये केबल हलवून आवाज तुटतो का बघा.

सेकंडहँड घ्यावी का?

घ्यावी. मी घेतलेल्या पाच गिटारींपैकी चार वापरलेल्या आहेत. लॉकडाऊनमध्ये हौसेने घेतलेल्या कितीतरी गिटारी कपाटांवर धूळ खात पडल्या आणि नंतर विकायला निघाल्या.

तीन गोष्टींसाठी मात्र सौदा सोडून द्यायचा. नेकला पीळ असेल तर. हे बघायला गिटार बंदुकीसारखी डोळ्यासमोर धरून नटकडून (खुंट्यांजवळची, तारांच्या खाचांची पट्टी) ब्रिजकडे बघायचं. ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा बाक सांभाळणारी सळी) आवळायची जागा झिजून गोल झाली असेल तर. आणि हेडस्टॉकच्या मुळाशी, रंगाखाली का होईना, केसासारखी भेग असेल तर. बाकी खराब पॉट (नॉबखालचा भाग), सैल जॅक, गंजक्या तारा, हरवलेला स्क्रू या सगळ्या भाव पाडायच्या गोष्टी.

नवी कोरी गिटार आहे, तरी तारा खरखरतात. कंपनीने फसवलं?

नाही. ती कारखान्यातून निघाली, जहाजात बसली, गोदामात पडली आणि मग कोकणातल्या किंवा आपल्याकडच्या हवेत आली. लाकूड आहे ते, हलणारच. तिला सेटअप हवा आहे. नवीन घेणाऱ्याचा पहिला खर्च हाच असावा असं माझं ठाम मत आहे. कुणाकडून करून घेतलात तर हजार-बाराशे लागतील. घरी केलात तर एक ॲलन कीचा सेट, एक बारीक स्क्रू ड्रायव्हर, मिलिमीटरची पट्टी आणि संयम.

सतारीच्या घोडीवर कारागीर कानस मारून मारून मुद्दाम जवारी काढतो. तार कंप पावताना घोडीच्या पाठीला जराशी घासते आणि तो झणकार येतो. गिटारच्या तारेची खरखर म्हणजे हीच क्रिया, फक्त नको त्या जागी. तार कुठल्यातरी पुढच्या फ्रेटला घासते. कुठल्या, ते शोधायचं.

आधी सूर लावा, कारण सैल तारांवर घेतलेलं कुठलंही माप खोटं. मग नेक. डाव्या हाताने जाड ई तार पहिल्या फ्रेटवर दाबा आणि उजव्या हाताने नेक जिथे बॉडीला मिळतो तिथे दाबा. आता ती तार सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे बघा. साधारण पाव मिलिमीटर हवी. एवढं मोजायचं कशानं? १० नंबरच्या सेटमधली सगळ्यात पातळ तार ही इंचाचा शंभरावा भाग, म्हणजे जवळपास पाव मिलिमीटर जाड असते. तारा लावल्यावर कापलेला तिचा तुकडा टाकून देऊ नका. तो फटीतून जेमतेम सरकला, जाड तार जागची हलली नाही, की नेक ठीक. आरपार ढिला गेला तर नेकला पोट सुटलंय. गेलाच नाही तर नेक मागे वाकलाय.

पोट सुटलं असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने आवळायचा, मागे वाकला असेल तर उलट सैल करायचा. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा कमी. मग सूर लावून पुन्हा बघा, शक्यतो रात्र जाऊ द्या. जोर लावावा लागत असेल तर थांबा आणि जाणत्याकडे न्या. इथे तुटलेली गोष्ट स्वस्तात दुरुस्त होत नाही.

नेक जमला की ब्रिजवरच्या सॅडलचे (प्रत्येक तार ज्यावर टेकते त्या तुकड्याचे) बारीक स्क्रू फिरवून तारांची उंची लावायची. बाराव्या फ्रेटवर पातळ ई तारेखाली १.६ मिमी आणि जाड ई तारेखाली २ मिमी, इथून सुरुवात करा. जोरात हाणणाऱ्याला थोडं जास्त लागतं. शेवटी इंटोनेशन, म्हणजे नेकवर सगळीकडे सूर खरा लागतोय का ते. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून) वाजवा, मग त्याच फ्रेटवर तार दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे घ्या, उतरा असेल तर पुढे. सहाही तारांना.

एवढं करूनही ॲम्पशिवाय वाजवताना किंचित खरखर राहील. ॲम्पमधून ती ऐकू येत नसेल तर तिच्या नादी लागू नका.

सूर टिकत नाही. खुंट्या बदलू?

हीच चूक मी केली आहे. माझ्या पहिल्या गिटारची ‘जी’ (G) सुराची तार दर दोन गाण्यांनी उतरायची. मी पैसे साठवून नव्या खुंट्या आणल्या, भोकं मोठी करून बसवल्या. तार पुन्हा उतरली. वैतागून गिटार मिरजेला सतारमेकर गल्लीत घेऊन गेलो. तिथल्या कारागिराने यापूर्वी इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली असेल की नाही कोण जाणे. त्याने कान नटजवळ नेला, ‘जी’ तारेची खुंटी अगदी हळू फिरवली. ‘टिंग’ असा बारीक आवाज आला. “खुंटीचा दोष नाही, तार इथं अडकतीय,” म्हणाला.

नटच्या खाचेत तार चिकटत होती. खुंटी फिरवली की ताण साठायचा आणि मग एकदम सुटायचा. त्याने हाडाचा तुकडा घासून नवा नट बसवला आणि वाद्य कोणतं हेही न विचारता खाचा तारेच्या जाडीला बेतून कोरल्या. चहासकट दोनशे रुपये. माझ्या खुंट्यांचे अडीच हजार पाण्यात गेले होते.

तेव्हा आधी हे करा. तारा काढा आणि नटच्या खाचांत मुलाच्या दप्तरातली पेन्सिल टोकदार करून फिरवा. शिशातलं ग्रॅफाइट वंगणाचं काम करतं. प्रत्येक तारेचे खुंटीवर दोन-तीन वेढे, एकाखाली एक, वर चढलेले नाहीत. नव्या तारा बाराव्या फ्रेटपाशी हलक्या हाताने ओढा, सूर लावा, पुन्हा ओढा, सूर उतरायचा थांबेपर्यंत. दहातल्या आठ तक्रारी इथेच मिटतात.

कोणत्या जाडीच्या तारा? आणि किती दिवसांनी बदलू?

सुरुवातीला ९-४२ (सगळ्यात पातळ आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत). बोटं तयार झाली की १०-४६ लावून बघा. जाडी बदलली की नेकवरचा ताण बदलतो, म्हणजे वरचा सेटअप पुन्हा.

बदलायचा नियम माझ्याकडे नाही. तारेखालून बोट फिरवा, खरबरीत लागलं की बदला. पावसाळ्यात, त्यातून रत्नागिरी-सावंतवाडीकडे असाल तर, ते फार लवकर होतं. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने तारा वरून आणि खालून पुसायच्या आणि बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या केसमध्ये टाकायच्या. एवढ्याने सेट दुप्पट टिकतो, माझा तरी.

पिकअप बदलले तर आवाज किती सुधारेल?

सुधारेल, पण आधी फुकटातलं करा. पिकअपच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवून उंची बदलते, हे वर्षानुवर्षं वाजवणाऱ्यांनाही माहीत नसतं. शेवटच्या फ्रेटवर तारा दाबा आणि सिंगल कॉइल पिकअपपासून जाड तारेचं अंतर २ मिमी, पातळ तारेचं १.६ मिमी ठेवा. जवळ आणलं की आवाज मोठा होतो, पण फार जवळ आणलं तर चुंबक तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटांवर सूर डगमगतो. दूर नेलं की आवाज मोकळा होतो. अर्धा-अर्धा फेरा करत संध्याकाळ घालवा.

मग टोन नॉब. तो दहावर ठेवून विसरलेले लोक “फार कर्कश आहे” म्हणत नवा पिकअप शोधतात. सातवर आणून ऐका.

यानंतरही बदलायचाच असेल तर फक्त ब्रिजचा एक बदला आणि पॉट जुळतोय का बघा. सिंगल कॉइलला सहसा २५० किलोओहम, हंबकरला ५००. हंबकरला २५० लावला तर आवाजावर गोधडी घातल्यासारखं वाटतं.

ॲम्प किती वॅटचा?

घरासाठी १० वॅट भरपूर. वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो. १० वॅटच्या दुप्पट मोठा ऐकू यायचा तर १०० च्या आसपास जावं लागतं. वॅटऐवजी स्पीकर बघा. फेंडरच्या फ्रंटमन १० जी मध्ये सहा इंची स्पीकर आहे, सरावाला चालतो. आठ इंची मिळाला तर जाड तारांत जीव येतो. वापरलेला बॉस कटाना ५० बजेटात सापडला तर डोळे झाकून, म्हणजे वाजवून बघून, घ्या. त्यात बारा इंची स्पीकर मिळतो आणि वॅट कमी करायची सोयही असते.

व्हॉल्व्हचे (आत काचेच्या नळ्या असलेले) ॲम्प सुंदर वाजतात. पण फ्लॅटमध्ये राहत असाल तर ते ज्या आवाजाला सुंदर होतात, त्या आवाजाला शेजारी दार वाजवतात.

ॲम्पऐवजी कॉम्प्युटर चालेल का?

घरात बरा कॉम्प्युटर आणि हेडफोन असतील तर उत्तम चालेल. ॲम्पच्या पैशांत एक साधा ऑडिओ इंटरफेस (गिटार कॉम्प्युटरला जोडणारी डबी) येतो. त्यावर ‘इन्स्ट्रुमेंट’चं बटण हवं आणि ते दाबायला विसरू नका, नाहीतर गिटार मिळमिळीत वाजते. न्यूरल ॲम्प मॉडेलर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि लोकांनी आपापल्या ॲम्पची टिपलेली मॉडेलंही ढिगाने मिळतात.

आवाज उशिरा येतोय अशी तक्रार असते. बफर (कॉम्प्युटर एका वेळी जेवढा आवाज साठवून पुढे पाठवतो तो तुकडा) १२८ सॅम्पलवर आणा. सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या दराला ते ३ मिलिसेकंदांहून कमी होतात. जातानाचे, येतानाचे आणि इतर धरून दहाच्या आत राहिलात तर बोटांना कळत नाही. खऱ्या ॲम्पपासून तीन मीटरवर उभे राहिलात तरी आवाज यायला तेवढाच, जवळपास ९ मिलिसेकंद, वेळ लागतो.

अमेरिकेतले काका त्यांचा जुना ॲम्प देतायत. आणू का?

मागच्या बाजूची पट्टी वाचा, किंवा काकांना फोटो पाठवायला सांगा. १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर फक्त पिन बदला. नुसतं १२० लिहिलं असेल तर आपल्या २३० ला थेट लावताच फ्यूज जाईल, नशीब खराब असेल तर बरंच काही जाईल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, ॲम्पच्या गरजेपेक्षा ऐसपैस क्षमतेचा. शिवाय तिकडची वीज ६० हर्ट्झ, आपली ५०. फक्त ६० साठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर इथे जास्त तापतो. ॲम्पचं वजन, विमानाचा खर्च आणि हे सगळं धरून हिशेब करा. काकांकडून पेडल (पायाने चालू-बंद करायची, आवाज बदलणारी डबी) मागवणं सोपं.

सतत गुणगुण येते. काय बिघडलंय?

सिंगल कॉइल असेल तर बहुधा काहीच नाही. ती गुंडाळी अँटेनासारखी घरातल्या विजेचा आवाज पकडते. त्यातला १०० हर्ट्झचा भाग जाड ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरच्या ‘जी’ सुराला जवळजवळ चिकटून असतो, म्हणून त्या सुराला तो जास्त खटकतो. १९५५ च्या सुमारास गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी दोन उलट गुंडाळ्या शेजारी बसवून हा आवाज परस्पर मारला. हंबकर हे नाव त्यावरूनच. तुमच्या स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलट गुंडाळलेला असेल तर पिकअप निवडायच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर गुणगुण नाहीशी होईल. नाहीतर ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर आणि फोनचा चार्जर यांपासून दूर बसा, आणि बसल्या बसल्या थोडं वळून बघा. दिशा बदलली की फरक पडतो.

तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते? ते ठीक आहे, तसंच असतं. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येतात? ताबडतोब बंद करा. जुन्या घरांत, चाळीत, मंडपात अर्थिंग नसतं किंवा तुटलेलं असतं. इलेक्ट्रिशियनला बोलवा. आवाज जावा म्हणून ॲम्पची तिसरी पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर त्याच्याकडून पुन्हा सल्ला घेऊ नका.

पहिलं पेडल कोणतं?

ॲम्पमध्ये डिस्टॉर्शन असेल तर कोणतंच नाही. हात शिवशिवत असतील तर एखादं वापरलेलं बॉस डीएस-१ घ्या. १९७८ पासून तेच नारिंगी डबडं निघतंय, पडलं तरी फुटत नाही आणि घेतलेल्या किमतीला विकलं जातं. चार-पाच पेडलं हवीशी वाटत असतील तर झूम किंवा मूअरचं छोटं मल्टी-इफेक्ट स्वस्त पडतं.

ॲडॉप्टरबाबत मात्र सावध. बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट, मधली पिन ऋण असं लागतं. माझ्या घरात वायफाय राउटरचा ॲडॉप्टर पडून होता, ९ व्होल्टचाच, पिनही बरोबर बसली. मधली पिन धन होती. दिवा लागला नाही, जळका वास मात्र आला. ॲडॉप्टरवर त्या छोट्या वर्तुळाचं चित्र असतं, ते बघितल्याशिवाय काही खुपसू नका.

गणपतीत वाजवायचंय. ॲम्प नाही, थेट मिक्सरला लावू?

साफ आवाज असेल तर मध्ये डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला मानवेल असा करणारी डबी) लावून चालून जाईल. डिस्टॉर्शन पेडल थेट मिक्सरला लावलंत तर मात्र माशा घोंगावल्यासारखं ऐकू येतं. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही बाहेर सोडत नाही, ती त्याची मेहेरबानी असते. मंडपातले स्पीकर सगळं सोडतात. म्हणून कॅबिनेट सिम्युलेशन (गिटारच्या स्पीकरची नक्कल करणारी सोय) असलेलं मल्टी-इफेक्ट न्या आणि ते चालू आहे ना हे घरीच बघून ठेवा. मंडपात त्या मेन्यूत शिरायला वेळ नसतो आणि ढोल थांबत नाहीत.

बॉडीचं लाकूड कोणतं हवं?

या किमतीत हा प्रश्न सोडून द्या. वजन झेपतंय का ते बघा.

मुलगा डावखुरा आहे.

उजव्या हाताची गिटार घेऊन जमतंय का ते आधी बघा, बरेच डावखुरे तशी वाजवतात. जमत नसेल तर डावखुरी गिटार मागवावी लागेल. मॉडेलं कमी, वाट बघणं जास्त. उजवी गिटार उलटी धरून तारा फिरवल्या तर नट आणि सॅडल दोन्ही चुकीचे पडतात.

दोन वर्षं झाली. आता ही विकून वरची घेऊ का?

तिचा सेटअप झालाय, नट नीट आहे, ॲम्प बरा आहे आणि तरीही ती ठराविक एक गोष्ट करत नाही, असं असेल तर घ्या. ती गोष्ट कोणती हे मला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. “बावीस फ्रेट पुरत नाहीत” हे वाक्य चालतं. “आता कंटाळा आला” यावर मी नव्या तारा लावून देतो.

विकताना बदललेले पिकअप आणि खुंट्या काढून मूळचे परत बसवा आणि बदललेले वेगळे विका. घेणारा त्यांचे जादा पैसे देत नाही. म्हणून काढलेला प्रत्येक स्क्रू पहिल्या दिवसापासून एका डब्यात ठेवा. माझ्याकडे श्रीखंडाचा अर्धा किलोचा डबा आहे, वर गिटारचं नाव लिहिलेलं.